पाण्यातले जड धातू आणि ग्लुकोमीटरची भावंडे

उकळलेल्या पाण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील एक प्रश्न मला विशेष मोलाचा वाटला. गावी बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांची काळजी वाहणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे की, बोटाच्या एका थेंबातून रक्तातील साखर घरबसल्या कळते, तर पाण्याच्या थेंबातून शिसे किंवा आर्सेनिक आहे की नाही हे सांगणारे यंत्र अजून घरोघरी का नाही? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि एका प्रचंड मानवी दुर्घटनेचा इतिहास असे तिन्ही येते. म्हणून आजचे सदर त्याच एका प्रश्नाला दिले आहे.

प्रथम ग्लुकोमीटर काय करतो ते पाहू. त्याच्या पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, सुकवून लावलेले असते. हे विकर रक्तातील असंख्य पदार्थांपैकी फक्त साखरेला ओळखते, तिच्याशी प्रक्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह यंत्र मोजते. सजीवाकडून घेतलेला ‘ओळखणारा’ आणि माणसाने बनवलेला ‘मोजणारा’ यांच्या या जोडीला जैवसंवेदक किंवा बायोसेन्सर म्हणतात. लेलंड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६२ साली ही कल्पना मांडली. आज आपल्या देशात मधुमेही असलेल्या अनेक घरांत एक जैवसंवेदक टेबलाच्या खणात पडलेला असतो. फक्त आपण त्याला त्या नावाने हाक मारत नाही.

मग धातूंसाठी तसेच का होत नाही? पहिली अडचण प्रमाणाची आहे. रक्तातील साखर १०० असते तेव्हा एक लिटर रक्तात सुमारे एक ग्रॅम साखर असते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची आपल्या मानकातील (आयएस १०५००) स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे साखरेच्या एक लाखांश. दहा हजार लिटरचे दहा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम आर्सेनिक असले की मर्यादा गाठली गेली. शिशाची मर्यादा तेवढीच आहे, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची तर ०.००१ मिलिग्रॅम. इतक्या सूक्ष्म प्रमाणात या पदार्थांना रंग नसतो, वास नसतो, चव नसते. पाणी काचेसारखे नितळ असते, डाळ छान शिजते, चहा उत्तम होतो. (आर्सेनिक हा काटेकोरपणे धातू नव्हे, धातुसदृश पदार्थ आहे, पण आरोग्याच्या चर्चेत त्याची पंगत शिसे-पाऱ्याबरोबरच बसते. आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यातला सोमल तो हाच.)

येथे एका गैरसमजाकडे वळणे भाग आहे, कारण त्याची झळ प्रामुख्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना बसते. जलशुद्धीकरण यंत्र विकण्यासाठी घरी येणारे तरुण दोन गोष्टी सोबत आणतात. एक म्हणजे टीडीएस मीटर. तो पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज विद्युत्वाहकतेवरून देतो. त्यात कॅल्शियम आले, मॅग्नेशियम आले, साधे मीठ आले. समजा, पाण्यात मर्यादेच्या पाचपट शिसे आहे. तरी त्यामुळे टीडीएसच्या आकड्यात भर पडेल ती ०.०५ ची, आणि मीटर तर पूर्णांकच दाखवतो. २०० टीडीएसचे पाणी निर्धोक असू शकते आणि ८० टीडीएसचे विषारी. जड धातूंबद्दल तो मीटर काहीही सांगत नाही.

दुसरी वस्तू अधिक नाट्यमय. दोन पेल्यांत पाणी घेतात, एकात नळाचे आणि दुसऱ्यात यंत्राचे. त्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी-काळे, चिखलासारखे होते आणि यंत्राचे बरेचसे स्वच्छ राहते. “बघा आजी, तुम्ही हे पीत होता!” आजी घाबरतात, आणि घाबरणे स्वाभाविकच आहे. वस्तुस्थिती अशी की, तो चिखल पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. लोखंडाची कांडी विजेमुळे झिजते आणि तिचा गंज पेल्यात उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते. यंत्राच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने ती वाहत नाही, म्हणून गंजही उतरत नाही. पुन्हा कोणी हा खेळ केला, तर यंत्राच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकण्याची विनंती करावी. तेही तितकेच गढूळ होईल. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी हा प्रयोग करून दाखवला तेव्हा विक्रेता चहा न घेताच निघाला, असे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले.

यंत्रे नव्हती तेव्हा पाण्यातला धातू कोणाला कळत असे? याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. तो कळत असे प्राण्यांना आणि माणसांना, त्यांच्या देहावर. जपानमधील मिनामाटा गावात पारामिश्रित सांडपाणी समुद्रात सोडले जात होते. तेथील मासे खाऊन आधी मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, तोल जाऊन पडू लागली. मग माणसांमध्ये तीच लक्षणे दिसली. १९५६ च्या मे महिन्यात हा आजार अधिकृतपणे नोंदवणारे डॉ. हाजिमे होसोकावा हे त्याच कारखान्याच्या रुग्णालयात डॉक्टर होते. पुढे १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला खाद्यातून दिले आणि तिला तोच रोग झालेला पाहिला. व्यवस्थापनाने तो निष्कर्ष दडपून ठेवला. जपानमध्येच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने मूत्रपिंडे आणि हाडे पोखरली. रुग्ण वेदनेने ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे कण्हत, तेच त्या रोगाचे नाव पडले. त्यांत सर्वाधिक होत्या पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया.

आपल्या अधिक जवळची कथा बंगालची आहे. तळ्या-पोखरांचे पाणी पिऊन मुले अतिसाराने मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफसारख्या संस्थांच्या साहाय्याने कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू निर्मळ होता आणि पाणीही जंतूंच्या दृष्टीने निर्मळच होते. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून बसलेले आर्सेनिक त्या खोलीवरील पाण्यात नैसर्गिकरीत्या सुटत होते. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कठीण गाठी पाहिल्या, आणि या त्वचेमागे पाण्यातील आर्सेनिक आहे हे ओळखले. अशी त्वचा दिसायला विषारी पाणी अनेक वर्षे पोटात जावे लागते. आणि त्यानंतरच्या वर्षांत त्वचा, मूत्राशय व फुप्फुस यांच्या कर्करोगाची भीती असते. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ॲलन स्मिथ व सहकाऱ्यांनी बांगलादेशच्या साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना हा धोका असल्याचा अंदाज मांडला, आणि इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे म्हटले.

मग सुरू झाली कूपनलिका तपासण्याची मोहीम. सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून ज्यांचे पाणी वाईट त्यांना लाल आणि ज्यांचे चांगले त्यांना हिरवा रंग दिला गेला. तपासणी होती ती रासायनिक संचाने: पाण्यात रसायने टाकायची, आर्सेनिकचा वायू बनतो, तो कागदी पट्टीवर पिवळा-तपकिरी डाग पाडतो आणि डागाची छटा डोळ्यांनी तक्त्याशी ताडून पाहायची. हा वायू स्वतः अतिविषारी, पट्टीत पाऱ्याचे संयुग, आणि छटा ओळखणारा डोळा दिवसभराच्या उन्हाने शिणलेला. मर्यादेच्या आसपासच्या पाण्याला लाल म्हणायचे की हिरवे, हे मग बरेचसे नशिबावर. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने २००२ साली या संचांच्या विश्वासार्हतेवर उघड प्रश्नचिन्ह लावले. हिरवा रंग चुकीच्या नळीला लागला, तर त्या घरातील सून पुढची दहा वर्षे तेच पाणी विश्वासाने भरणार, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाचे गांभीर्य कळते. प्रयोगशाळेतील यंत्रे अचूक आहेत. परंतु ती लाखो रुपयांची, वातानुकूलित खोलीत राहणारी आणि प्रशिक्षित हातांची अपेक्षा करणारी.

येथे जैवसंवेदकांचा प्रवेश होतो, आणि मला स्वतःला या विषयातला हा भाग अतिशय सुंदर वाटतो. काही जिवाणू आर्सेनिक असलेल्या ठिकाणीही तग धरतात. त्यांच्या पेशीत एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे विशिष्ट जनुकांवर बसून असते आणि ती जनुके बंद ठेवते. आर्सेनिकचा कण आत शिरला की तो या पहारेकऱ्याला चिकटतो, पहारेकरी जागा सोडतो, जनुके उघडतात आणि आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप तयार होतो. शास्त्रज्ञांनी केले ते एवढेच की, पंपाच्या जनुकाच्या जोडीला प्रकाश देणारे किंवा निळा रंग तयार करणारे जनुक बसवले. आता आर्सेनिक आले की जिवाणू चमकतो किंवा निळा होतो. जितके आर्सेनिक अधिक तितकी खूण ठळक. स्वित्झर्लंडमधील यान रुलोफ फान डेर मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू तयार केले. व्हिएतनाममधील तांबडी नदी आणि मेकाँग यांच्या त्रिभुज प्रदेशांतील १९४ नमुन्यांवर ते तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतील यंत्राशी तुलना करता दूषित नमुना चुकून चांगला ठरण्याचे प्रमाण ८ टक्के, तर चांगला नमुना दूषित ठरण्याचे २.४ टक्के निघाले. डोळ्यांनी छटा जुळवण्याच्या मानाने ही फार मोठी प्रगती होती. पुढे गोठवून सुकवलेल्या जिवाणूंचा संच बांगलादेशातही प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला.

पाऱ्यासाठीही असाच वेगळा पहारेकरी जिवाणूंमध्ये सापडतो. शिशाच्या बाबतीत एक निराळा मार्ग निघाला. २००० साली अमेरिकेत यी लू आणि त्यांच्या सहकाऱ्याने डीएनएचा असा तुकडा वापरला की, शिसे भेटताच तो आपल्या जोडीदार धाग्याला कात्रीसारखा कापतो आणि त्या कापण्यातून प्रकाशाचा संकेत मिळतो. डीएनए म्हणजे केवळ आनुवंशिकतेची पोथी, असे आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तो मोजमापाचे हत्यारही होईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर आमचे प्राध्यापक हसले असते.

इतके सारे आहे, तरी दुकानात का नाही? एक कारण असे की, जनुकबदल केलेला जिवाणू उघड्यावर, विहिरीच्या काठावर नेण्यास सर्वत्र कडक नियम आहेत; आपल्याकडेही १९८९ चे नियम आहेत. ते असावेत असेच माझे मत आहे. दुसरे, जिवाणू सजीव असल्याने त्याला ऊन सोसत नाही, वेळ लागतो, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर तो आपले काम सांगण्याआधीच मरतो. तिसरे, भूजलात लोह भरपूर असते. पाणी हवेत ठेवले की लोहाचा गंज खाली बसतो आणि आर्सेनिकला सोबत घेऊन जातो, त्यामुळे नमुना योग्य रीतीने आम्लयुक्त केला नाही तर आकडा खोटा कमी येतो. पहिली अडचण टाळण्यासाठी शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ज्युलियस लक्स यांच्या गटाने २०२० मध्ये जिवाणूच वगळला. त्याच्यातील पहारेकरी प्रथिन आणि आवश्यक यंत्रणा तेवढी काढून छोट्या नळीत सुकवून ठेवली. पाण्याचा थेंब टाकायचा. दूषित असेल तर नळी हिरवी चमकते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या स्मरणार्थ या चाचणीला ‘रोझलिंड’ असे नाव दिले आहे, आणि ती शिसे, तांबे यांसह १७ दूषक ओळखते असे त्यांनी दाखवले. ग्लुकोमीटरच्या सर्वांत जवळ जाणारी ही वस्तू आहे. तरीही आज आपल्याकडे ‘घरच्या घरी जड धातू ओळखा’ अशी पट्टी कोणी ऑनलाइन विकत असेल, तर तिच्या आकड्यावर आईवडिलांचे पाणी ठरवू नये, असाच माझा सल्ला राहील.

आता वृद्ध देहाकडे येऊ, कारण हा प्रश्न उतारवयात वेगळे रूप घेतो. शिसे रक्तात काही आठवडे राहते. पण त्यातला बराच भाग कॅल्शियम समजून हाडांत साठवला जातो. प्रौढांच्या शरीरातील शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असते आणि ते तेथून निघायला दशके लागतात. तारुण्यात छापखान्यात, बॅटरीच्या कारखान्यात किंवा रंगकामात गेलेली वर्षे अशी हाडांत जमा असतात. पाळी गेल्यावर किंवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्यावर हाडे झिजू लागतात, आणि त्यांतले शिसे पुन्हा रक्तात उतरते. त्याने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, पांडुरोग होतो, बद्धकोष्ठता आणि पोटदुखी होते. यांतले एकही लक्षण असे नाही की जे म्हातारपणाच्या खात्यावर सहज टाकता येणार नाही. कॅडमियम मूत्रपिंडांत दहा ते तीस वर्षे ठाण मांडते. मूत्रपिंडे आधीच मधुमेहाने थकलेली असतील, तर जी मर्यादा तरुणाला पुरेशी सुरक्षित आहे तिचे महत्त्व अधिकच वाढते.

परंतु प्रत्येक थकव्यामागे जड धातू शोधत बसू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. महाराष्ट्रातील बहुतेक भूजलात चिंता आहे ती नायट्रेटची, आणि चंद्रपूर-यवतमाळसारख्या भागांत फ्लोराइडची. हे दोन्ही जड धातू नव्हेत आणि त्यांची तपासणी सोपी आहे. आर्सेनिकचे मोठे क्षेत्र गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे. आपल्याजवळ म्हणावे तर गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमधील अंबागड चौकीच्या परिसरात ते आढळले आहे. औद्योगिक वसाहतीच्या, जुन्या खाणीच्या किंवा बॅटरी वितळवण्याच्या भट्टीच्या शेजारी बोअर असेल, तर मात्र तपासणी अवश्य करावी. शिवाय धातू पाण्यातूनच येतो असे नाही. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. माहिती नसलेल्या ठिकाणाहून आलेली भस्मे आणि पुड्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी ती औषधांच्या यादीत डॉक्टरांना जरूर दाखवावीत. कल्हई करणाऱ्याने कथलात स्वस्त शिसे मिसळले, तर आमटीही तोच मार्ग धरते. ‘शरीरातले विष बाहेर काढणारी’ सलाइने मात्र तपासणीवाचून कोणीही घेऊ नयेत. त्यांतील काही औषधांनी रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

पाणी तपासायचे असेल, तर जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत चौकशी करावी. ग्रामपंचायतीतील नेहमीच्या तपासणी संचाने क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, लोह अशा गोष्टी कळतात. जड धातू कळत नाहीत. म्हणून ‘सर्वसाधारण तपासणी’ असे न म्हणता ‘शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा’ अशी नावे घेऊन मागणी करावी. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी, कारण धातूंसाठी ती आम्लाने तयार केलेली असावी लागते. शीतपेयाची जुनी बाटली चालत नाही. घरातल्या नळातून किंवा पितळी जोडांतून शिसे येत असल्याची शंका असेल, तर रात्रभर नळीत साचलेले पहाटेचे पहिले पाणी एका बाटलीत आणि पाच मिनिटे सोडल्यानंतरचे दुसऱ्या बाटलीत घ्यावे. पहिल्यात अधिक निघाले तर दोष नळीचा, दोन्हींत सारखे निघाले तर दोष उगमाचा. पहिल्या स्थितीत सकाळचे पाणी झाडांना घालणे हा तात्पुरता, पण उपयोगी उपाय आहे.

उकळण्याने जंतू मरतात. धातू तसेच राहतात आणि पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण वाढते. अतिनील किरणांच्या यंत्राचाही धातूंवर परिणाम नाही. आरओ शिसे आणि कॅडमियम चांगले अडवते. आर्सेनिकचे खोल भूजलातील रूप मात्र त्यातून काही अंशी निसटते, म्हणून अशा भागात यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचाही नमुना द्यावा.

आणि पाण्यात आर्सेनिक निघाल्यावर डॉक्टरांनी आजोबांची लघवी तपासायला सांगितली, तर त्याआधी चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे पूर्ण बंद ठेवावेत. समुद्री अन्नात आर्सेनिकचे एक निरुपद्रवी रूप मुबलक असते, आणि एका बांगड्याच्या कालवणाने अहवाल घाबरवणारा येऊ शकतो. तरीही आकडा जास्त आलाच, तर त्याच नमुन्यात ‘असेंद्रिय आर्सेनिक’ वेगळे मोजून मिळेल का, हे प्रयोगशाळेला विचारावे.